क्लिफर्ड वेल्लोरला पोचला

वेल्लोर, रविवार

प्रिय मम्मी,

ताप उतरलाय, इडली पोटात राहते. काळजी करू नकोस.

क्लिफर्ड आलाय. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगतो. त्याला दारात बघितलं आणि कोलशेतच्या जमिनीवरून त्याने कोयत्याने माझा खांदा फोडलेला ते डोळ्यांसमोर आलं. मी सलाइनचा लोखंडी स्टँड उचलून भावाच्या डोक्यात घातला. भिंतीवर रक्त उडालं. वॉर्डबॉयनी मला खाटेवर दाबून धरलं. त्याने हात उचलला नाही. कपाळ दाबून म्हणाला, "सिस्टर, रक्त सांडतंयच, तर तपासायलाही घ्या."

त्याचं माझ्याशी जुळलं, मम्मी! डॉक्टर म्हणतात, एक जीन बाकीच्या जीन्सना हुकूम सोडतं, तेव्हा रोगाशी लढणाऱ्या पेशी घडतात. माझ्यात ते हुकूम सोडणारं जीनच बिघडलंय. क्लिफर्डचं चांगलं आहे. आता औषधांनी माझा बोन मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा मगज, मारून टाकणार आणि त्याचा घालणार.

बिघाड पप्पांकडून आला की तुझ्याकडून, ते बघायला तुझंही रक्त हवंय. तुझा खोकला थांबला का? खरं सांग.

औषध उद्यापासून. मी क्लिफर्डला बोललो, "माझा मॅरो मारल्यावर तू पळालास तर मी मेलो." तो उठला, बॅग उचलली. मला वाटलं, निघाला. त्याने बॅग माझ्या खाटेखाली सरकवली आणि चपला काढून पायथ्याशी बसला.

आमच्या दोघांसाठी प्रार्थना कर.

तुझा,
बॉस्को