दुसरा काझी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज सकाळपासून मला सेक्टर दोनमधलं तुमचं स्वयंपाकघरच आठवून राहिलंय. एम.ए.चा सगळा इतिहास मी तिथंच शिकले. तुम्ही ओट्याशी भाकरी थापताय, मी खाली वही घेऊन बसलेय, आणि मध्ये मुघल दरबार भरलाय. शुक्रवारी मशिदीत ज्याच्या नावानं खुतबा वाचतात तो बादशहा, हे तुम्ही पिठाच्या बोटांनी हवेत दाखवलं होतं. शरियत बादशहाच्याही वर, पण काझी नेमणार बादशहा आणि काढणारही तोच. या गाठीवर तुम्ही तासभर बोलायच्या, तवा करपला तरी. फार सुखाचे दिवस होते ते.

एकदा प्रश्न होता त्या शहजाद्याचा. बाप कैदेत, पण जिवंत. मुलानं तख्त घेतलं. त्याच्या नावानं खुतबा वाचायला मुख्य काझीनं नकार दिला. मग दुसऱ्या एका विद्वानानं तोड काढली, की म्हातारा राज्य करायच्या लायक उरला नाही, म्हणजे तख्त रिकामंच. काझीचं पद त्याला मिळालं. मी त्याच्या हुशारीवर दोन पानं लिहून आणली. तुम्ही वही मिटली. "हुशार होता, मालूम हाय मले. पण पहिल्या काझीवर एकच ओळ कावून? त्याले कायदा येत नव्हता का?"

"पण त्या पहिल्याला काय मिळालं, बाई?" मी म्हटलं.

तुम्ही तव्याकडं वळल्या. भाकरीवर तूप मात्र नेहमीसारखंच घातलं, आणि मला रडूच आलं.

मी आता एका खाजगी कारखान्यात पर्सोनेलला आहे. तिथं अपघात झाला. क्रेन बिघडलीय असं ऑपरेटरनं रजिस्टरमध्ये दोनदा लिहून दिलं होतं, तरी कंपनीला दोष त्याच्यावरच ठेवायचा होता. चौकशी अधिकारी कंपनीच नेमते. पहिल्या साहेबांनी तसा अहवाल द्यायला नकार दिला, त्यांना बाजूला केलं आणि फाइल माझ्याकडं आली. मी नियम शोधला: बिघाड माहीत असून क्रेन चालवली, हाच त्याचा कसूर. नियमात एक अक्षर खोटं नव्हतं. त्याची नोकरी गेली. तो एवढंच म्हणाला, "मैडम, मैंने तो लिख के दिया था न." पुढच्या महिन्यात मला बढती मिळाली.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. पण तुम्ही असत्या, बाई, तर पेढे घेऊन आले असते आणि तुम्हाला फक्त बढतीचं सांगितलं असतं.