आईआधी आलेलं झाड

४ ऑगस्ट, रविवार
आईला आता आमच्याकडे आणायचं, असं आज ताईच्या घरी जाऊन स्पष्ट सांगितलं. पाच वर्षं ताई एकटीच आईचं सगळं करते आहे. मुलगा म्हणून माझं काही कर्तव्य आहे की नाही? ताई आईच्या खोलीत गेली, बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि खिडकीतलं मोठ्या पानांचं झाड माझ्या हातात दिलं. म्हणाली, महिनाभर हे सांभाळून दाखव, मग आईला ने. मला चेष्टा वाटली. ती हसत नव्हती.

५ ऑगस्ट, सोमवार
पानांना मोठमोठ्या चिरा. ताईला फोन करून शांतपणे सांगितलं की फाटकं झाड देऊन परीक्षा घेणं बरं नव्हे. ती म्हणाली, अरे बाबा, ती पानं तशीच असतात. तोवर दोन पानांना चिकटपट्टी लावून झाली होती. काढताना एक पान खरंच फाटलं.
माहिती वाचली. उजेड हवा, ऊन नको. माती वरून सुकली की पाणी. सोपं आहे.

९ ऑगस्ट, शुक्रवार
सकाळी पाणी घातलं. की घालायचं नुसतं ठरवलं? ऑफिसात दिवसभर आठवेना. शंका नको म्हणून संध्याकाळी घातलं. बायको म्हणाली, मातीत बोट घालून बघायचं ना. घातलं. ओल लागली, पण ती सकाळची की आत्ताची, हे बोटाला कसं कळणार? तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

१७ ऑगस्ट, शनिवार
एक पान पिवळं होऊन सुटलं. गळलं म्हणता येणार नाही, कारण मी हात लावला होता. दमलो आहे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं होतं. वाया जाऊ नये म्हणून परत कुंडीत ओतलं.

१८ ऑगस्ट, रविवार
ताईने फोटो मागितला. चांगल्या बाजूने काढला. हा खोटेपणा झाला का? दुपारची झोप गेली विचारात. शेवटी पटलं की माणसाचा फोटोही कोणी पाठीमागून काढत नाही. पाठवला. ताई एकदम खूश. बायको म्हणाली, आईंचाही असाच एका बाजूने फोटो पाठवत जाणार का? लागलं मनाला. चोख उत्तर सुचलं, पण तोवर ती भाजी आणायला गेली होती.

२४ ऑगस्ट, शनिवार
मागची खोली रिकामी केली. खिडकीशी कॉट. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला. आईच्या गोळ्यांची सवय आत्तापासून व्हावी म्हणून मोबाईलवर अलार्म लावले. पहिला वाजला तेव्हा कशासाठी लावला होता ते आठवेना. झाडाला पाणी घातलं.

२८ ऑगस्ट, बुधवार
मातीला वास येतो. खोड खाली मऊ लागतं. बायको म्हणाली, कुजलंय ते. मला वाटतं, नव्या जागेला रुळतं आहे. तरी उद्यापासून पाणी कमी करणार. (आज घातलं होतं का?)

१ सप्टेंबर, रविवार
ताई आली. झाड सकाळीच आडवं झालं होतं. भिंतीला टेकवून ठेवलं, पण ती बघत असतानाच पुन्हा घसरलं. तिने खोली बघितली, दांडा हलवून बघितला, घट्ट आहे म्हणाली.
मग मीच हिय्या केला. म्हटलं, झाडावरून माणसाचं ठरवणं अन्याय आहे. तुझी ही परीक्षा मला मान्य नाही.
ताई कॉटवर बसली. म्हणाली, मला कशाला ऐकवतोस? तुझा फोटो बघून मी आईची बॅग भरायला घेतली होती. आधी त्याला झाड देऊन बघ, असं तिनेच सांगितलं होतं मला.
ताई तिथेच आडवी झाली. तासभर झोपली. चहा घेऊन गेली.
संध्याकाळी आईचा फोन. आवाज चांगला खणखणीत. म्हणाली, वाईट वाटून घेऊ नकोस, तू लहानपणापासून मायाळूच आहेस. रविवारी भेटायला येत जा. आणि येताना कुंडी तेवढी घासून आण, चांगली आहे.