सही नसलेली फाइल

सेलू, मंगळवार

ती. विमलाताईस धाकट्या माधवचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींची साखर काय म्हणते? (भाऊजी साखरेबद्दल खोटं सांगतात, म्हणून तुलाच विचारतो.) गेल्या आठवड्यात माझ्या नावाने तुम्हाला जिंतूरला जी ईमेल आली, 'वय बासष्ट, विधुर, मनमिळाऊ जोडीदार पाहिजे', ती मी पाठवलेली नाही. ती सगळ्या नात्यात गेली, पेन्शनर संघटनेत गेली, आणि तानुबाई वहिनींनी तर दोन स्थळंही सुचवली. आता माझी ईमेल कुणी उघडत नाही, म्हणून हे टपालाने, जाड मार्करने लिहितो आहे.

झालं असं. काचबिंदूमुळे मला पेपर वाचता येत नाही हे अबोलीला कळलं (तूच सांगितलंस, दुसरं कोण सांगणार). वर्षभर न बोललेल्या लेकीने फोन केला आणि मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम स्वतः तयार करून पाठवला. आता फाइल उघडण्याआधी तिच्यावर डिजिटल सही आहे का ते पाहावं, हे मला पूर्वी तिनेच शिकवलेलं. स्क्रीनवर अक्षरं मोठी करून पाहिलं. सही नाही, बनवणारा अज्ञात. तेहतीस वर्षं तहसिलात काढली, बिनसहीचा कागद मी कधी टेबलावर ठेवून घेतला नाही. फाइल उडवली आणि तसं तिला कळवलंही. ती म्हणाली, "बाबा, ती सही विकत घ्यावी लागते. घरच्या घरी कशाला घेऊ? मीच केलंय म्हणून सांगायलेय ना!" मी म्हटलं, नियम तो नियम. ती म्हणाली, "लग्नाला मी तुमची एक सही मागितली होती, बाबा." आणि फोन ठेवला. (परभणीला बुद्धभूषणशी तिचं रजिस्टर लग्न झालं तेव्हा तिसरा साक्षीदार म्हणून बाहेरच्या रसवंतीवाल्याने सही केली. मी समोरच्या हॉटेलात चहा पीत बसलो होतो. आधी मुलाची चौकशी करायची, असं म्हणत होतो. ती अजून केलेली नाही.)

मग मी इंटरनेटवरून दुसरा प्रोग्राम घेतला. सही अस्सल, कंपनीचं नाव स्पष्ट, तारीखसुद्धा. पहिल्या दिवशी त्याने अग्रलेख वाचला, दुसऱ्या दिवशी अग्रलेखात गुडघ्याचं तेल विकलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्याच ईमेलवरून माझं लग्न काढलं. कॉम्प्युटर दुरुस्तीला आलेली वैष्णवी म्हणाली, "काका, सही खरीच हाय. फाइल कुणाची आन् मधात कुणी हात लावला का न्हाई, एवढंच ती सांगती. पाठवणाऱ्याच्या पोटात काय हाय, ते कसं सांगंल?" एवढं मला तेहतीस वर्षांत कळलं नाही, याचा लय राग येतो, ताई. सही दाखवली म्हणून लबाडाला घरात घेतलं आणि लेकीला दारातून परत पाठवलं.

भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. ही भानगड अबोलीला सांगू नकोस. हसेल.

ता. क. सांग. हसू दे. दर रविवारी ती तुला फोन करते हे मला माहीत आहे. ती फाइल पुन्हा पाठव म्हणावं. सही नको.

ता. क. या पत्राखाली मी सही केली की नाही ते मला दिसत नाही. नसली तरी पत्र माझंच आहे. तू ओळखशील.