हितेशविरुद्धचा पुरावा

१८ ऑगस्ट
मागच्या गल्लीतल्या मंदाताईंना डेंग्यू. आजपासून पूर्ण बाह्यांचा शर्ट, रात्री मच्छरदाणी. माझ्या घरात एकही डास शिरणार नाही. शिरलाच तर तो शेजारून, चुलतभाऊ हितेशच्या गच्चीवरून येणार. तिथे पाण्याचा ड्रम उघडा असतो.

१९ ऑगस्ट, सकाळी ८
हितेश खारबावला गेलेला पाहून गच्चीवर चढलो. ड्रममध्ये अळ्या वळवळत होत्या. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत थोड्या भरून आणल्या. महापालिकेला अर्ज केला: कडक कारवाई व्हावी, पुरावा अर्जदाराकडे आहे. विनिता म्हणाली, हितेशभावजींना झाकण लावायला सांगितलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं. बायकोला कायद्याचं काही कळत नाही.
बरणी आमच्या लेकीच्या, मृणालीच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवली. झाकण काढलं. महापालिकेचे साहेब येईपर्यंत पुरावा जिवंत हवा.

२३ ऑगस्ट
साहेब नाहीत. अळ्या आता स्वल्पविरामासारख्या वाकड्या झाल्यात. मृणाली त्यांची चित्रं काढते. पाचवीतच विज्ञानाची गोडी लागली. बाप म्हणून समाधान.

२५ ऑगस्ट
बरणीत नुसतं पाणी. पुरावा फरार. हितेशचाच हात असणार. पाणी फेकलं नाही, अर्जात बरणीचा उल्लेख आहे.

२७ ऑगस्ट, दुपारी
टेबलाशी बसलो तर पायाला डास चावला. त्याच्या अंगावर पांढरे पट्टे, म्हणजे डेंग्यूवालाच. संध्याकाळपर्यंत मच्छरदाणीत बसून राहिलो. मृणाली टेबलाशी गृहपाठ करत होती.

३० ऑगस्ट
अकलोलीच्या गरम कुंडात अंघोळ. गंधकाच्या वासाला डास भीत असावेत. घरी आल्यावर दोन चावले. वास उडाला असेल.

५ सप्टेंबर
बरणीत पुन्हा अळ्या! मी हातही लावला नव्हता. पुरावा आपणहून परत आला. हितेशने ड्रमला झाकण बसवलंय. अपराधी मन, दुसरं काय!

११ सप्टेंबर
मृणालीला ताप, १०३. डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणते. हवा बदलल्यामुळे असेल. सहा वेळा ताप मोजला.

१२ सप्टेंबर
डेंग्यूच. डॉक्टर म्हणाले, तापाला फक्त पॅरासिटामॉल, दुसरी कुठलीही गोळी मनाने द्यायची नाही, पाणी भरपूर पाजा. घरात कुठे पाणी साठवता का, असंही विचारलं. नाही म्हणालो.
मला फार भीती वाटतेय.

१४ सप्टेंबर
सकाळी ताप उतरला. जिंकलो! पेढे आणायला निघालो, तर दारात महापालिकेची आरोग्यसेविका धम्मदिना. माझ्याच अर्जावरून आली होती. मी ड्रमकडे बोट दाखवलं. तिला तिथे काही सापडलं नाही. मग आमचं घर तपासताना टेबलापाशी थांबली आणि बरणी उजेडात धरली. म्हणाली, हे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात आणि दिवसा चावतात. दर आठवड्याला भांडी रिकामी करून घासायची असतात.
मी पुराव्याचं सांगू लागलो, पण तिचं लक्ष मृणालीकडे गेलं होतं. पोट दुखतं का, तिने विचारलं. खूप, मृणाली म्हणाली.
"काका, ताप उतरल्यावरच खरं जपायचं असतं. हिला आत्ताच हॉस्पिटलात न्या."
विनिताने हितेशला हाक मारली. तो गाडी काढून तयार. मी अर्जाबद्दल बोलायला तोंड उघडलं.
"दादा, पोरीला बसव पयले. बाकी मंगशी."

१५ सप्टेंबर
प्लेटलेट्स बत्तीस हजार. सलाईन चालू आहे.

१९ सप्टेंबर
एक लाख दहा हजार. मृणालीला घरी आणलं. दाराला महापालिकेची नोटीस चिकटवलेली, घरात अळ्या सापडल्याची, माझ्या नावाने. खाली अर्जाचा क्रमांकही माझाच. धम्मदिनाला गाठून विचारलं, पोरीला बरणीतलाच डास चावला का. म्हणाली, ते कुणालाच सांगता येणार नाही.
मृणालीने बरणी कुठे गेली विचारलं. हितेशकाकाने फेकली, असं सांगणार होतो. मीच आणली होती आणि मीच फेकली, असं सांगितलं.
ती म्हणाली, "पप्पा, मी त्यांची चित्रं काढली, तरी ते मलाच का चावले?"