उचगाव, इसवी सन पाच हजार

३ जानेवारी
संकल्प. यंदा प्रदर्शन करणारच. विषय: तीन हजार वर्षांनी कुणी आमचं घर जमिनीतून उकरून काढलं, तर त्या संशोधकांना काय वाटेल? वस्तू घरातल्याच. चिठ्ठ्या मी लिहिणार, त्या संशोधकांच्या थाटात. ड्रॉइंग मास्तर म्हणून तीस वर्षं वाया गेली, आता कोल्हापूर बघेल. बायको, त्रिशला, जाऊन आठ महिने झाले. ही आयडिया तिला चार वर्षं रोज ऐकवली. मान डोलवायची. तिच्याइतकं मला कुणी समजून घेतलं नाही.

९ जानेवारी
कुकर: 'शिट्टी मारून पाहुण्यांना पळवून लावणारी देवता.' उत्तम. मिक्सरचं सुचलं नाही. मूड नाही. दूध दोनदा उतू गेलं.

१७ जानेवारी
मुलगी, आदिती, पुण्याहून आली. आईचं कपाट आवरूया म्हणाली. म्हटलं, हात लावू नकोस, ते अवशेष आहेत. रडली. कलाकाराच्या घरात हे चालायचंच.

१८ जानेवारी
कपाटात एक डबी. आत गोगलगाईएवढी वस्तू, तिला बारीक नळी. ओळखेना. चिठ्ठी लिहिली: 'पुजारिणीचा दागिना असावा.'
आदितीनं वाचली. म्हणाली, "पप्पा, हे आईचं कानाचं मशीन. चार वर्षांपूर्वी मी आणलेलं. नीट बसत नव्हतं. दवाखान्यात चला म्हणून ती तुमच्या मागं लागली होती की. तुम्ही म्हणालात, प्रदर्शन झालं की जाऊ."
म्हटलं, मग मी बोलायचो ते?
"तुमचं तोंड थांबलं की आई मान डोलवायची."
मी तेव्हा खरंच बिझी होतो. हे आदितीला सांगायला पाहिजे होतं. दुपारच्या गाडीनं ती गेली.

१ फेब्रुवारी
प्रदर्शन. शाळेचा हॉल, दहा ते पाच. शिपाई गुंडू खुर्च्या लावून गेला. पन्नास खुर्च्या. साडेतीनला एक म्हातारी आली. फिरून सगळं बघितलं. "पावणं, ह्यातलं इकायचं काय हाय का?"
म्हटलं, आजी, हे भविष्यातले अवशेष.
"व्हय, पर आत्ता कोण वापरतंय?"
न्हाय कुणी, म्हटलं. कुकर तिला देऊन टाकला. चिठ्ठी काढायची राहिली.

२ फेब्रुवारी
आदितीला फोन केला. आधीच ठरवलं होतं, आज आपण बोलायचं नाही. म्हटलं, तू सांग.
 ती म्हणाली, "काय सांगू, पप्पा?"
काय विचारायचं असतं, ते मला आठवेना.
फोन चालला एक मिनिट चाळीस सेकंद. मग तिला मीटिंग होती.