जमीन कोणी मागत नाही

प्रिय तुदोरित्सा,

पाकीट बघून छातीत धस्स होऊ देऊ नकोस. तुमच्या घराचं छप्पर जागेवर आहे, द्राक्षाचा वेल जिवंत आहे आणि मीही. मी काही लिहिणारी बाई नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार. शाळेत माझी जागा तुझ्या शेजारी होती आणि बहुतेक वेळा रिकामीच होती, कारण मी गाईंमागे असायची. अक्षर लागलं नाही तर सांदूकडून वाचून घे, नवरा कशासाठी असतो. तरी लिहितेय, कारण फोनवर तुझं एक ठरलेलं आहे. मी जरा वेगळा विषय काढला की तिमिशोआराची लाईन खराब होते. कागदाची लाईन खराब होत नाही.

आधी घरचं. परवा किल्ली घेऊन तुमच्याकडे गेले, खिडक्या उघडल्या, घरात वारं खेळू दिलं. नेहमीसारखी ती एक खोली सोडून. चेरीला यंदा फांद्या मोडतील इतका बहर होता, निम्मी पाखरांनी खाल्ली, निम्मी मी. सांदूला सांग, त्याचं कुंपण अजून ताठ उभं आहे. आमच्या पेत्राकेनं घातलेलं दोनदा आडवं झालं. पेत्राके म्हणतो, आपल्याकडची जमीनच भुसभुशीत. कुंपणाच्या अलीकडे भुसभुशीत आणि पलीकडे घट्ट, असं देवानं खास माझ्या नवऱ्यासाठी करून ठेवलंय.

हिवाळ्यात जिल्ह्याच्या ऑफिसातून आम्ही एक मुलगी सांभाळायला आणली, हे तुला सांगितलं होतं. तू ‘बरं केलंस’ म्हणालीस आणि लगेच टोमॅटोच्या रोपांवर गेलीस. तर ती नार्चिसा. सात वर्षांची, अंगानं पाचाची, आणि बोलते पन्नाशीच्या बाईसारखं. आई कुठे आहे ते तिला माहीत नाही, आणि विचारतही नाही. आमचा मुलगा स्पेनला जाऊन तिथलाच झाला, त्याची खोली तिला दिली. ऑफिसातली बाई येते दर महिन्याला, कोपरे बघते, मुलीला एकटीला बाजूला घेऊन विचारते. तिचं पहिलंच म्हणणं असं की मुलीला स्वतःचा पलंग हवा, आणि तिनं त्यावर झोपायला हवं. झोपली नाही तर इथं रुळली नाही असं समजायचं, आणि मग पानगळीच्या सुमारास तिच्यासाठी दुसरं घर बघायचं. नियम आहे म्हणे. मी म्हटलं, बाई, पलंगाचं ना, तेवढं माझ्यावर सोडा.

मुलाच्या जुन्या सोफ्याच्या स्प्रिंगा वर आल्या होत्या, म्हणून आम्ही काराकालला फर्निचरच्या दुकानात गेलो. तुदोरित्सा, आजकाल पोरांना कशावर झोपवतात ते तू बघायला हवं होतंस. एक पलंग मोटारीसारखा, चाकांसकट. एक राजवाडा, वर गुलाबी पडदे, धुवायचे कोणी? एक दुमजली, वरच्या मजल्यावरून पोर पडलं की सरळ दवाखान्यात. मी प्रत्येकाला गुडघा लावून हलवून बघितला. भुशाचं लाकूड, वरून चकाकी, आणि आवाज असा की अंगणातली कोंबडी बरी. दुकानातला पोरगा गादीबद्दल सांगायला लागला, पाठीच्या कण्याला कशी चांगली. मी म्हटलं, सात वर्षांच्या पोरीचा कणा चांगलाच असतो, तू तुझा सांभाळ.

मला काय हवं ते मला ठाऊक होतं. काठावर बसलं की मुलीचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. कूस बदलली तर कुरकुरायला नको. कडेला हात लागेल तिथं लाकूड हवं, लोखंड नको. आणि जरा लांब हवा, पोरी काय, पावसाळी दुधीसारख्या वाढतात. शेवटी एक साधा पाईनचा मिळाला. नार्चिसाला म्हटलं, आडवी होऊन बघ. ती आडवी झाली, पण बूट गादीला लागू नयेत म्हणून दोन्ही पाय बाहेर हवेत धरून. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “हा कोणाचा?” मला वाटलं, दुकानात आहे म्हणून विचारते. तुझा, म्हटलं, चल.

पेत्राकेनं तो जोडला. चार स्क्रू उरले. ते जास्तीचे असतात म्हणे. पाय दाराकडे येणार नाहीत असा भिंतीला लावला, उशीच्या वर देवाची छोटी तसबीर टांगली. सकाळी जाऊन बघते तर पलंग कसा, दुकानातल्यासारखा. चादरीला सुरकुती नाही. आणि पोरगी खाली, चिंध्यांच्या गालिच्यावर, कोट पांघरून. मी उचलून वर ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. मी रागावले, पेत्राकेनं लाडीगोडी लावली, पलंगावर चॉकलेट ठेवलं. चॉकलेट खाल्लं आणि खाली झोपली. महिनाभर असं चाललं. ऑफिसातली बाई आली तेव्हा पोरीनं तिला सरळ सांगितलं, पलंग छान आहे, मी खाली झोपते. खोटं बोलायला शिकवायला हवं होतं, पण ते मलाच येत नाही.

मग एकदा शेंगा सोलताना मी विचारलंच, की बाई, तुला झालंय काय. तिनं शेंगांवरची नजर काढली नाही. आमच्या आधी ती ज्या घरी होती, तिथं तिला पलंग दिला होता, त्या घरच्या मोठ्या मुलीचा. मुलगी परदेशी होती. ती परत आली, आणि हिला उठवून सांगितलं, आता तुझी सोय दुसरीकडे. त्याच्या आधीच्या घरातही असंच काहीतरी. “जमीन कोणी मागत नाही,” म्हणाली. मी म्हटलं, अगं वेडे, हा पलंग कोणाचा नव्हता, मी नवा विकत घेतलाय, पावती माझ्या नावावर आहे. तिनं मान वर केली आणि मला समजावल्यासारखं म्हणाली, “मग तुझाच की, मावशी.”

मी शेंगा सोलल्या. पाईनच्या पलंगावर आता दुपारी पेत्राके झोपतो. उरलेल्या चार स्क्रूंची किंमत त्याला रोज कळते.

आता ऐक. पेंतेकोस्तच्या सणाआधीचा, पितरांचा शनिवार आला. तुला आठवतं ना, सगळा गाव मेलेल्यांच्या नावानं मातीचे मग वाटत फिरतो. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या साफ्तानं तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं नार्चिसाच्या हातात नवा मातीचा मग दिला. आत चेरी, कडेला पेटती मेणबत्ती. पोरीला असलं काही माहीतच नव्हतं. मी कानात सांगितलं, ‘बोगदाप्रोस्ते’ म्हण, म्हणजे देव त्या गेलेल्या जिवाला माफ करो. म्हणाली. दिवसभर तो मग छातीशी. चेरी संपल्या, तो धुतला आणि साफ्ताच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली, परत द्यायला. साफ्ता तिच्यावर अशी खेकसली की कोंबड्या पळाल्या. मेलेल्याच्या नावानं दिलेलं परत येतं का कधी? तू परत दिलंस तर तिकडे माझी बहीण ओंजळीनं पाणी पिईल. आता मरेपर्यंत तो तुझा, फुटला तर खापरंसुद्धा तुझी.

पोरगी परत आली ती मला विचारायला, की हे खरं का. खरं, म्हटलं. तू पण मागू शकत नाहीस? नाही. ऑफिसातल्या बाई? त्यासुद्धा नाही. पोपनं, देवळातल्या पाद्र्यानं मागितला तर? पोपचा बाप आला तरी. त्यावर ती हसली, तुदोरित्सा. आमच्या घरी आल्यापासून मी तिचे पुढचे दात बघितले नव्हते, दोन पडलेत ते मला तेव्हा कळलं. तो मग आता उशाशी घेऊन झोपते. खालीच.

माझं डोकं मंद, पण एकदा चालायला लागलं की थांबत नाही. म्हटलं, पाईनचा पलंग माझ्या आईच्या नावानं दान करून टाकते. पोरगी कशी ऐकेल. तुझ्या खोलीतून तुझ्याच खोलीत दिलास, म्हणाली. पोपही म्हणाला, वेता, आपल्या घरातलं आपल्या घरातच ठेवायचं याला दान म्हणत नाहीत, फर्निचर हलवणं म्हणतात.

इथवर वाचलंस म्हणजे मी कुठे चाललेय ते तुला कळलं असेल. कागद ठेवून उठू नकोस. उठलीस तर पाणी पिऊन परत ये.

तुझ्या इलिंकाला बाप्तिस्म्याला या हातांत मी धरलं होतं. तिचा पलंग सांदूनं केला तेव्हाही मी तिथं होते. तुमच्या अंगणातला अक्रोड विजेनं पडला त्या वर्षी. त्यानं तिला जमिनीवर झोपवली, हात डोक्यावर ताणायला लावले, बोटांच्या टोकाशी खूण केली आणि वर आणखी एक वीत सोडली. लग्नापर्यंत पुरेल, म्हणाला. तू ओरडलीस, एवढा मोठा पलंग, खोलीत माणूस उभं कुठे राहील. ती त्यावर उभी राहून म्हणाली, इथं. स्क्रू एक नाही त्यात, सगळी लाकडाची खुंटी. मागच्या हिवाळ्यात खिडकीतून पावसाचं पाणी आत यायला लागलं होतं म्हणून तुला न विचारता मी ती खोली उघडली. पलंग चांगला आहे. चादर ओढून ठेवलीस तशी आहे. मी काठावर टेकले. आवाज केला नाही त्यानं.

ती गेल्यावर तिच्या नावानं तू सगळं दिलंस. कपडे, बूट, ताटं, टेबल, खुर्ची. शिजवलेले गोड गहू दर वर्षी पाठवलेस. पलंग तेवढा दिला नाहीस, आणि बायका बोलल्या, हे तू ऐकलंसच. माझ्या नणंदेनं देवळाच्या पायरीवर म्हटलं की बिचारी पोर तिकडे जमिनीवर निजते. मी तिला जे उत्तर दिलं ते पोपसमोर द्यायचं नव्हतं. पण त्यानंतर तू गावात आली नाहीस, आणि मी तुला कधी विचारलं नाही. ऑक्टोबरात सात वर्षं होतील. शेवटचं मोठं श्राद्ध. त्यानंतर देवही मोजत नाही म्हणतात.

तिकडचं मला माहीत नाही, तुदोरित्सा. पोपला माहीत असेल, नणंदेला तर नक्की माहीत. इकडची जमिनीवर निजते ती मी रोज डोळ्यांनी बघते. म्हणून हे पत्र. पलंग मला नको. किल्ली माझ्याकडे आहे, न्यायचा असता तर पेत्राके आणि मी केव्हाच नेला असता. तू ये. अंगणात, चेरीखाली, तुझ्या हातानं मेणबत्ती लावून तिला दे, नाव घेऊन. आणि खरं तेही सांगते, नंतर शिव्या नकोत. ऑफिसवाल्यांनी उद्या तिला हलवलंच, तर पलंग तिच्याबरोबर जाईल, कुठेही जाईल, आणि तुला तो पुन्हा दिसणार नाही. दिलेल्याचं तसंच असतं. घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, देणाऱ्याला येतं. तुला नाही म्हणायचं असेल तर म्हण, मी तुझ्याशी भांडणार नाही, चेरीचा मुरंबाही नेहमीसारखा पाठवीन. तिला अजून काही सांगितलेलं नाही. फक्त काल तिनं विचारलं, की त्या शेजारच्या बंद घरात कोण राहतं. मी म्हटलं, माझी मैत्रीण, ती येईल तेव्हा नीट उभी राहायचं आणि तो ‘बोगदाप्रोस्ते’ शब्द विसरायचा नाही. ती म्हणाली, नाही विसरत, आणि भांडी घासताना तो पुटपुटत बसली.

तुझीच, आणि तुझ्या किल्लीची राखण करणारी,
वेता