एका ओळीत नाही

घाटनांदूर

प्रिय गोदे,

आज आई तेलगावला मुलगी बघून आली. माणसं चांगली आहेत, आता सुपारी तेवढी फोडायची राहिली, म्हणते. तुला जाऊन वर्षही झालं नाही गं! हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? म्हणून लिहायला बसलो.

हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेलं ते लाल पुठ्ठ्याचं पुस्तक आठवतं? आइसलँड नावाच्या बर्फाळ बेटावरच्या शेतकऱ्यांच्या कैक शतकांपूर्वीच्या गोष्टी, अलीकडे कुणी इंग्रजीत आणलेल्या. दिवसभर शाळेत उर्दूत शिकवायचं, संध्याकाळी इंग्रजी उघडायचं आणि चुलीपाशी तुला मराठीत सांगायचं, काय ती तारांबळ! बर्फ म्हणजे न वितळणाऱ्या गारा, एवढं कळलं आणि तुझं काही अडलं नाही. मेंढरं, बांधाची भांडणं, भावकीतल्या कुऱ्हाडी. "ही तर आमच्या तलवाड्याचीच मान्सं हायती," म्हणालीस.

अडलं ते एका ओळीवर. एका शेतकऱ्याची बायको वारली आणि त्याने दुसरी केली. पुढे लगेच लिहिलेलं, आता पहिली या गोष्टीत नाही.

"कशानं मेली?"

"लिहिलेलं नाही."

"पोरंसोरं?"

"तेही नाही."

"मंग लिवनाऱ्याच्या घरात बाई न्हवती का वं?"

तव्यावरची भाकरी करपली आणि बोलणी मला बसली! त्या पुस्तकात कुणाच्या मनात काय आलं ते सांगतच नाहीत, कोण काय बोललं आणि काय केलं एवढंच. मी समजावायला गेलो, तर तू पुस्तकच मिटलंस.

त्या पहिलीचं नाव तुझ्या जिभेवर बसेना, म्हणून तू तिला शेवंता केलीस. मग पुस्तक राहिलं बाजूला. रोज संध्याकाळी शेवंताचं मला मनाने सांगावं लागे. ती त्या वस्तीवर नांदायला आली तेव्हा कशी रडली, कुठली मेंढी तिच्या मागे मागे फिरायची, नवऱ्याशी कशावरून अबोला धरायची. थोडं जरी चुकलं तरी तू म्हणायचीस, "न्हाई, शेवंता असं करनार न्हाई."

आणि एकदा भाकरी थापता थापता हसत म्हणालीस, "तुमी बी मला असंच एका वळीत उरकाल!"

कशाला बोललीस गं ते? मीही हसलो होतो. नंतर ताप आला आणि तू गेलीस. मी 'फार' म्हटलं की तू वेडावायचीस, म्हणून तुझ्यासारखं सांगतो, लई आठवण येते. पुस्तक हातात घेतो, पण मध्येच अडवायला कुणी नाही. सलग वाचणं इतकं जड असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

आईला आज नाही म्हणालो. "कावून?" म्हणाली. तिला शेवंता कशी सांगणार? "माझं अजून वाचून व्हायचंय," एवढंच बोललो. ती पदराने डोळे पुसून आत गेली. तेलगावला उद्या निरोप जाईल.

उद्यापासून शेवंताला शेजारीण येणार आहे. तलवाड्याची, तोंडाने फटकळ, भाकरी करपवणारी. तिचं मी तुला रोज थोडं थोडं सांगणार आहे, घाई न करता. आणि ते जे वाक्य आहे ना, आता ती या गोष्टीत नाही, ते पुन्हा कधी माझ्या तोंडी येणार नाही. हा माझा शब्द.

नाव तर तू कधी घेतलंच नाहीस, म्हणून सहीही तुझ्या हाकेचीच करतो.

तुझेच,
'अवं'